दुप्पट पैसे, तेवढाच वेग: टेस्टिंगसाठी घेतलेली ९६० जीबीची डिस्क

किंग्स्टन डीसी ६००एम: सर्व्हरसाठी बनवलेली एसएसडी, ९६० जीबी, साध्या साटा जोडणीची, अडीच इंची. आमच्या परफॉर्मन्स टेस्टिंगच्या मशीनला लावली, पुरेशी रुळली, आणि दुसऱ्या मशीनलाही तीच आणली. ज्यांना निकाल तेवढा हवा होता त्यांचं काम इथेच झालं. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते, कारण ही डिस्क नुसत्या माहितीपत्रकावरून निवडायची म्हटली तर शहाणा माणूस ती घेणार नाही.

पत्रक काय सांगतं? सलग वाचन सेकंदाला ५६० एमबी, सलग लेखन ५३०. आता सॅमसंगची ८७० इव्हो घ्या, एक टीबीची, घरच्या लॅपटॉपला लावतात ती. तिचेही आकडे ५६० आणि ५३०. पुढची ओळ तर आणखी गमतीची. ४ केबीचं रँडम, म्हणजे इथेतिथे विखुरलेलं लेखन: ८७० इव्होला ८८ हजार आयऑप्स (सेकंदाला होणारी लेखनं), डीसी ६००एमला ६५ हजार. म्हणजे जवळपास दुप्पट पैसे मोजून मी कागदावर हळू असलेली डिस्क घेतली, वर ४० जीबी जागाही कमी.

ठाण्यात नौपाड्यात जिथून घेतली त्या दुकानदाराने हेच विचारलं. "मॅडम, सर्व्हरला लावायची आहे का?" म्हटलं, नाही, साध्या पीसीला. "मग ही कशाला? सात हजार एमबीवाली एनव्हीएमई घ्या ना, निम्म्यात बसेल. आणि पोरं गेमही खेळतील तिच्यावर." एनव्हीएमई म्हणजे साटाहून वेगवान जोडणीची एसएसडी. माणूस प्रामाणिक. महागडी वस्तू गळ्यात मारायची सोडून स्वस्त सुचवत होता. पण आमच्या ऑफिसात गेम कुणी खेळत नाही, निदान माझ्यासमोर तरी.

आम्ही तिघं जण वागळे इस्टेटमध्ये बसतो. पतसंस्थांचं सॉफ्टवेअर, दवाखान्यांचं बिलिंग, शाळांच्या फीची अ‍ॅप्स बनवणारे लोक आमच्याकडे नवीन व्हर्जन आणून देतात आणि विचारतात, आधीपेक्षा जलद झालं की मंदावलं? ३१ मार्चला सगळ्या खात्यांवर व्याज चढवायला किती वेळ लागेल? दोनशे क्लार्क एकदम पावत्या फाडायला लागले तर कितव्यापासून पुढे स्क्रीन अडकेल? आम्ही विकतो तो आकडा. तो आज एक आणि उद्या दुसरा आला, तर आमच्याकडे विकायला काही उरत नाही. सोनाराचा काटा किती झटपट स्थिर होतो याला महत्त्व नसतं, तेच मंगळसूत्र पुन्हा ठेवलं तर तेच वजन दाखवतो की नाही याला असतं.

आधीची डिस्क घरगुती एनव्हीएमई होती. नाव घेत नाही, कारण ती जशी बनवली होती तशीच वागत होती. सकाळची पहिली फेरी झकास. दुपारपर्यंत त्याच कोडचा, त्याच डेटाचा निकाल घसरलेला. समोरचा डेव्हलपर फोनवर तावातावाने सांगतोय की आम्ही एक ओळही बदललेली नाही, आणि तो खरं बोलतोय. आमचा धाकटा सहकारी नेटवर्क तपासतोय, भार देणाऱ्या जेमीटर या साधनाच्या थ्रेड्स मोजतोय, जाव्हाच्या गार्बेज कलेक्शनचे, म्हणजे मेमरीतला कचरा आवरण्याचे, लॉग उपसतोय. कचरा गोळा होत होता खरा, पण तो डिस्कच्या पोटात.

हे कसं होतं ते थोडक्यात सांगते. आजच्या घरगुती एसएसडींमध्ये एका पेशीत तीन किंवा चार बिट ठेवतात. तसं लिहायला वेळ लागतो, म्हणून डिस्क स्वतःचा काही भाग एकेक बिट ठेवणारा म्हणून वापरते आणि आलेला डेटा आधी तिथे उतरवून घेते. त्याला एसएलसी कॅश म्हणतात. खोक्यावरचा वेग तिथला असतो. ती जागा भरली की खरा वेग दिसतो. काही कंपन्या हे लपवत नाहीत. सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओच्या एक टीबी मॉडेलला अशी जास्तीत जास्त ४२ जीबीची जागा आहे आणि ती संपल्यावर लेखन सेकंदाला ८० एमबीवर येतं, असं कंपनीच स्वतःच्या पत्रकात सांगते. घरच्या वापरात एका दमात ४२ जीबी कोण लिहितं? कोणी नाही. लोड टेस्ट, म्हणजे एकदम खूप भार देऊन घेतलेली चाचणी, मात्र लिहिते, आणि ती संपल्यावर डिस्कला आवराआवरीला उसंत न देता पुढची सुरू होते.

सर्व्हरसाठीच्या डिस्कचं पत्रक वेगळ्या बेताने लिहिलेलं असतं. तिथला आकडा डिस्क पूर्ण भरून, घासून, स्थिरावल्यावरचा असतो. म्हणून ८८ हजार आणि ६५ हजार हे शेजारी ठेवून तुलना करण्यासारखे आकडेच नव्हेत. एक कोऱ्या डिस्कचा, दुसरा दमलेल्या डिस्कचा. दमल्यावरही ६५ हजार देते, हे मला पैसे मोजण्यासारखं वाटलं.

पण दुप्पट पैशांचं खरं कारण हेही नाही. खरं कारण डिस्कच्या सर्किटवर बसलेले छोटे कपॅसिटर आहेत.

डेटाबेस व्यवहार पक्का करताना ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतो, हे डिस्कवर खरोखर उतरलंय याची खात्री दे, मगच मी पुढे जातो. याला एफसिंक म्हणतात. पतसंस्थेच्या काउंटरवर कुणी पाचशे रुपये भरले की पोस्टग्रेस हा डेटाबेस आधी लॉगमध्ये नोंद करतो, एफसिंक करतो, आणि मगच पावती निघते. घरगुती डिस्कला हा हुकूम आला की तिला डेटा खरोखर पेशींमध्ये उतरवावा लागतो, कारण मधेच वीज गेली तर तिच्या रॅममधलं सगळं पुसलं जाईल. सर्व्हरच्या डिस्कमध्ये कपॅसिटर साठवलेल्या विजेवर तेवढं लिहून पूर्ण करतात, म्हणून ती डेटा रॅममध्ये येताच निश्चिंतपणे "उतरला" म्हणू शकते. याला पॉवर लॉस प्रोटेक्शन, पीएलपी, म्हणतात. नावावरून वाटतं वीज जाण्यापासून संरक्षण, आणि ते आहेच, पण आमच्यासारख्यांना त्याचा मोठा फायदा वीज असतानाच होतो. एकामागे एक एफसिंक होणारी कामं घरगुती डिस्कवर सेकंदाला शेकड्यांत किंवा फार तर हजार-दोन हजारांत अडकतात. पीएलपीवाली साधी साटा डिस्क तिथे कित्येक पटींनी पुढे जाते. सात हजार एमबीची एनव्हीएमई या एका बाबतीत साडेपाचशे एमबीच्या साटाकडून मार खाते. आमच्या मशीनवर बघेपर्यंत सहकाऱ्याचा विश्वास नव्हता. पोस्टग्रेसबरोबर पीजी-टेस्ट-एफसिंक नावाचं छोटं साधन फुकट येतं, ते दोन्ही डिस्कवर चालवलं आणि तो गप्प झाला.

यावर काही लोकांकडे एक उपाय असतो: टेस्टच्या वेळी एफसिंक बंदच करून टाकायचं, किंवा मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये इनोडीबीच्या लॉगची सेटिंग १ वरून २ वर न्यायची, म्हणजे दर व्यवहाराला लॉग डिस्कवर उतरवायची सक्ती सैल करायची. आकडे एकदम देखणे येतात. मग तीच सेटिंग गिऱ्हाईकाच्या सर्व्हरवर ठेवणार का, असं विचारलं की सगळे खिडकीबाहेर बघतात. माझ्या मते ती टेस्टच नव्हे.

कुबरनेटिस, म्हणजे अनेक मशीनचा समूह (क्लस्टर) सांभाळणारी प्रणाली, वापरणाऱ्यांनाही हे लागू आहे. त्याच्या पोटातला एटसीडी, म्हणजे क्लस्टरच्या नोंदी ठेवणारा डेटाबेस, एफसिंकवरच जगतो, आणि त्याच्या लॉगच्या एफसिंकचा पी ९९, म्हणजे शंभरातल्या नव्व्याण्णव वेळांचा उशीर, १० मिलिसेकंदांच्या आत असावा असं त्याच्या अधिकृत मार्गदर्शनात म्हटलंय. घरगुती डिस्कवर क्लस्टर उभा केला आणि लोड टेस्ट चालू असताना एटसीडी अधूनमधून लीडर, म्हणजे मुख्य मशीन, बदलायला लागला, तर आधी डिस्ककडे बघा.

आता पर्याय. "क्लाउडवर का करत नाही?" हा प्रश्न मला लग्नातसुद्धा विचारतात. करतो, जेव्हा गिऱ्हाईकाचा माल क्लाउडवर चालणार असतो. पण तिथेही डोळे उघडे हवेत. एडब्ल्यूएस या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या जुन्या जीपी२ डिस्कप्रकारात १०० जीबीच्या व्हॉल्यूमला हक्काचे ३०० आयऑप्स असतात, आणि साठलेल्या क्रेडिटवर ३००० मिळतात. क्रेडिट पूर्ण भरलेलं असेल तर पूर्ण वेगात साधारण ३३ मिनिटं. म्हणजे अर्ध्या तासाची टेस्ट सुरेख, तासाभराची भयानक, आणि कोड तोच. जीपी३ मध्ये आकार कितीही असो, ३००० आयऑप्स आणि सेकंदाला १२५ एमबी पायाला ठरलेले, ते बरं. पण रोज डिस्क घासायचं आमचं काम महिन्याच्या भाड्यावर चालवलं तर वागळे इस्टेटचं ऑफिसभाडं आणि ते, अशी दोन भाडी होतात.

सर्व्हरमधून काढलेल्या जुन्या डिस्क हा दुसरा मोह. लॅमिंग्टन रोडवर त्या मिळतात, ऑनलाइनही. मी त्यातल्या सॅसच्या, म्हणजे सर्व्हरच्या वेगळ्या जोडणीवाल्या, डिस्कच्या वाटेला गेले नाही. सॅस डिस्क साध्या साटा पोर्टला लागतच नाही, वेगळं कार्ड हवं. शिवाय मोठ्या स्टोरेज पेट्यांतून निघालेल्या काही डिस्कचे सेक्टर ५१२ ऐवजी ५२० बाइटचे असतात, त्या आधी नव्याने फॉरमॅट कराव्या लागतात. हौस असेल तर रविवार मजेत जाईल. यू डॉट टू, म्हणजे सर्व्हरच्या अडीच इंची, प्रकारच्या एनव्हीएमई खरोखर जोरदार असतात, पण त्यांना १२ व्होल्ट लागतात, कार्ड किंवा केबल लागते, आणि सर्व्हरमधल्या पंख्यांचा वारा सतत अंगावर येईल हे गृहीत धरून त्या बनवलेल्या असतात. मे महिन्यात शनिवारी बिल्डिंगचा एसी बंद असताना आमच्या टेबलाखालच्या कॅबिनेटमध्ये तशी डिस्क ठेवायची माझी तयारी नव्हती. तापली की ती वेग कमी करणार, आणि मग आकडा पुन्हा हलणार. सॅमसंगच्या पीएम९ए३ सारख्या काही सर्व्हर डिस्क एम डॉट टू मध्येही, म्हणजे मदरबोर्डवरच्या खाचेत बसणाऱ्या, आहेत, पण ११० मिलिमीटर लांबीच्या, आणि आमच्या बोर्डावर ८० च्या पुढे स्क्रूची सोय नाही. किंग्स्टनचीच डीसी १०००बी त्या खाचेत बसते, पीएलपीही आहे, पण ती मुळात ऑपरेटिंग सिस्टिम बूट करण्यासाठी बनवलेली. म्हणून शेवटी साटा. कंटाळवाणी, थंड, कुठल्याही पीसीत बसणारी.

टीबीडब्ल्यू, म्हणजे डिस्कवर एकूण किती लिहिता येईल, याचं लोक फार कौतुक करतात. डीसी ६००एम ९६० जीबीला १७५२ टीबी दिलेत. रोज डिस्कच्या आकाराएवढं, पाच वर्षं. हिशेब तिथूनच येतो. ८७० इव्होला ६०० टीबी. ऐकायला तिप्पट. पण आम्ही दिवसाला ३०० जीबी लिहितो असं धरलं तरी ६०० टीबी संपायला दोन हजार दिवस लागतील. तोवर ती मशीन भंगारात गेलेली असेल. तेव्हा सहनशक्तीसाठी ही डिस्क घ्या असं मी म्हणणार नाही.

दुकानाबद्दल. ऑनलाइन दोन जागी थोडी स्वस्त होती, पण एकीकडे विक्रेत्याचा जीएसटी नंबर दिसेना आणि दुसरीकडे वॉरंटी "विक्रेत्याची" होती, कंपनीची नव्हे. या प्रकारच्या डिस्कमध्ये हा घोळ बराच आहे. बाहेरून आणलेला माल सीलबंद असतो, चालतोही, पण पाच वर्षांची वॉरंटी भारतात लागू होईलच असं नाही. नौपाड्यातलं हे दुकान गोखले रोडच्या आतल्या गल्लीत आहे. दुचाकी लावायला जागा नाही, स्टेशनवरून चालत गेलेलं बरं. डिस्क दुकानात तयार नव्हती, मागवून घ्यावी लागली, अर्धे पैसे आगाऊ. भाव विचारलेल्या दिवसाचा राहत नाही हेही त्यांनी आधीच सांगितलं, तसं झालंही, थोडा वाढला. पण १८ टक्के जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर सिरियल नंबर, आणि तो नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी बघेपर्यंत शेठ शांतपणे थांबले. मी म्हटलं, एकदा लावून बघू? तर काउंटरवरच्या मशीनला जोडून दिली. स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःबद्दल ठेवते त्या नोंदीत, चालू राहिल्याचे तास शून्य, लिहिलेला डेटा नगण्य. नवीन म्हणून दिलेली डिस्क नवीनच आहे हे बघायला दोन मिनिटं लागतात, आणि सर्व्हरची डिस्क घेताना ती दोन मिनिटं कुणीही सोडू नयेत.

खोक्यात डिस्क आणि कागद, बस. स्क्रू नाही, केबल नाही, ब्रॅकेट नाही. सर्व्हरच्या ट्रेमध्ये बसणारी वस्तू, त्यांना वाटतं तुमच्याकडे सगळं असेलच. टॉवर कॅबिनेटवाल्यांनी साटा केबल वेगळी मागून घ्या.

आणल्या आणल्या टेस्ट सुरू करायची नसते. कोरी डिस्क कुठलीही असो, खोटं बोलते. स्टोरेज उद्योगाची संघटना, स्निया, हिच्या चाचणीपद्धतीत आधी पूर्ण डिस्क दोनदा लिहून काढायला सांगतात, मग खरा भार देत राहायचं आणि लागोपाठ पाच फेऱ्यांमधला फरक सरासरीच्या २० टक्क्यांत आला की मगच आकडा धरायचा. आम्ही ते फायो या डिस्क तपासायच्या साधनाने केलं. ४ केबी रँडम लेखन, रांगेत एका वेळी एकच, प्रत्येक लेखनामागे एफसिंक, ऑपरेटिंग सिस्टिमची कॅश टाळून. रात्रभर लावून घरी गेलो. सकाळी आलेख बघितला तर सुरुवातीचा छोटा उतार सोडला की रेघ सपाट. आधीच्या डिस्कचा आलेख करवतीसारखा दातेरी होता. सहकारी म्हणाला, "ताई, हा आलेख बोअर आहे." त्याच्यासाठीच तर पैसे दिले.

त्यानंतर रोजच्या कामात जे दिसलं ते असं. एकाच बिल्डची सकाळची आणि संध्याकाळची फेरी आता इतकी जवळ येते की कोडमधला सात-आठ टक्क्यांचा फरकही आम्ही ठामपणे दाखवू शकतो. पूर्वी तेवढा फरक गोंगाटात बुडायचा. सरासरीत मोठा बदल नाही. पी ९९ मध्ये आहे, आणि काउंटरवरच्या क्लार्कला सरासरी दिसत नाही, अडकलेली स्क्रीन दिसते.

एक सूचना, जी डिस्कइतकीच महत्त्वाची वाटते. टेस्टचा डेटा रॅमपेक्षा मोठा ठेवा. पीजीबेंच या पोस्टग्रेसच्या चाचणी-साधनात स्केल १०० म्हणजे दीड जीबीच्या आसपास डेटाबेस. ३२ जीबी रॅमच्या मशीनवर तो सगळा रॅममध्येच मावतो, वाचनासाठी डिस्ककडे कुणी ढुंकूनही बघत नाही. आम्ही स्केल ५००० च्या घरात चालवतो, ७५ जीबी भरतो. आणि प्रत्येक फेरीआधी डिस्क सारखीच भरलेली असते, फेऱ्यांमध्ये ट्रिम करून, म्हणजे पुसलेली जागा कुठली ते डिस्कला कळवून. हे न पाळता सर्व्हरची डिस्क आणली तर पैसे वाया.

आवडलं नाही तेही सांगते. साटाची मर्यादा साटाचीच. मोठ्या रिपोर्टसाठी सगळं टेबल सलग वाचायचं असेल तर साडेपाचशेच्या पुढे ती जाणार नाही, तिथे स्वस्त एनव्हीएमईसुद्धा पळत पुढे निघून जाते. बॅकअप पुनर्स्थापित करायला वेळ लागतो, आणि तो आम्हाला प्रत्येक मोठ्या टेस्टआधी लागतो. त्यावर आम्ही जुनी एनव्हीएमई बॅकअप ठेवायला वापरतो, तिथून वाचून इथे लिहितो. ज्यांच्या गिऱ्हाईकाचा सर्व्हर एनव्हीएमईवर चालतो त्यांनी ही घेऊ नये. आकडे स्थिर येतील, पण चुकीच्या घराचे. त्यांनी यू डॉट टू, चांगला पंखा आणि जास्त पैसे असा बेत करावा.

आणखी एक बारीक गोष्ट. जुन्या प्रोजेक्टचा डेटा अशा डिस्कवर भरून ती कपाटात टाकू नका. जेडेक या संस्थेच्या निकषानुसार घरगुती डिस्कने आयुष्य संपत आल्यावरही वीज नसताना ३० अंशांत एक वर्ष डेटा राखला पाहिजे. सर्व्हरच्या डिस्ककडून अपेक्षा ४० अंशांत फक्त तीन महिन्यांची आहे. ती सतत चालू राहणार हे धरूनच बनवलेली असते. नव्या डिस्कची क्षमता याहून बरीच जास्त असते, पण ठाण्यातल्या मे महिन्याच्या बंद कपाटावर मी भरवसा ठेवत नाही. त्या कामाला साधी फिरती हार्ड डिस्क आणा, स्वस्त आहे.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण केबलचा.